धागा: स्नायूतून निघणारी प्रथिनं, आईच्या पायांची आग आणि तिचं गप्प होणं

पऱ्हाटी_आणि_तूर | 9 नोव्हेंबर, रात्री 10:20

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितोय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

आई 63 वर्षांची. शुगर 14 वर्षांपासून. गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून 18 किलोमीटर. दोन वर्षांपासून तिच्या तळव्यांची आग होते. दिवसा कामात असली की बोलत नाही. रात्री अकराच्या पुढे उठते आणि ओसरीतल्या फरशीवर तळवे टेकवून बसते. एक फरशी अंगाच्या उबेनं तापली की पुढच्या फरशीवर सरकते. मी पहाटे उठतो तेव्हा ती ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असते. गोधडीचा स्पर्श सहन होत नाही म्हणून थंडीतही पाय उघडे. एकीकडे इतकी आग, आणि दुसरीकडे पायातली चप्पल निसटलेली कळत नाही! मागच्या आठवड्यात कापूस वेचणीला गेली तर एक चप्पल पिकाच्या तासातच (ओळीतच) राहिली. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं. "कापसावर चालल्यासारखं वाटते रे," म्हणते.

मला जास्त लागतं ते दुसरंच. आई बोलायची कमी झाली आहे. पोळ्याला बैलांच्या झुली दरवर्षी ती शिवायची. यंदा म्हणाली, "तूच पाहून घे." जेवायला वाढते, स्वतः दोन घास खाते आणि उठते. बाबांना वाटतं वय झालं. मला तसं वाटत नाही.

डॉक्टरांनी प्रिगाबालिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी दिली आहे. थोडा फरक आहे, पण सकाळी गुंगी असते. परवा मोबाईलवर वाचलं की स्नायूंतून काही प्रथिनं निघतात, ती नसांच्या जुन्या दुखण्यावर आणि मनाच्या उदासीवर औषध ठरू शकतात. लगोलग तालुक्यातल्या एका दुकानदारानं "मसल प्रोटीन, नसांसाठी" म्हणून डबा दाखवला. महिन्याचे 3,800 रुपये.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे खरं आहे का? असं इंजेक्शन किंवा गोळी मिळते का? आणि ज्यानं माझी झोप उडवली आहे ते असं: आई वयाच्या बाराव्या वर्षापासून वावरात राबते आहे. स्नायूच औषध बनवत असतील, तर मग तिलाच हे का झालं?

बुढीचा_लेक | 9 नोव्हेंबर, रात्री 10:51

भाऊ, माह्या बुढीचं बी असंच हाये. तिच्या पायाले रातभर करंट लागते म्हनते. तुम्ही म्हनता तसला डबा म्या घेतला, दोन घेतले. सोयाबीनचे पैसे आलते हातात. दोन्ही डबे संपले, आग जिथची तिथंच. तुम्ही नोका घेऊ. बाकी शास्त्राचं मले समजत नाई, जानकार लोकं सांगतीन.

पेशीवाचक | 9 नोव्हेंबर, रात्री 11:48

मी मूळचा दारव्ह्याचा. सध्या पुण्यात स्नायूंच्या पेशींवरच काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

हो, मूळ गोष्ट खरी आहे. स्नायू म्हणजे हाडं ओढणारी नुसती दोरी, असं आपण शाळेत शिकलो. पण काम करणारा स्नायू रक्तात प्रथिनं सोडतो, आणि ती यकृत, हाडं, चरबी, मेंदू यांच्यापर्यंत पोचतात. 2000 साली कोपनहेगनमध्ये झालेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो कोणालाही समजावता येतो. माणसाला बसवून 5 तास एकाच पायाचा गुडघा सरळ-वाकडा करायला लावला. दुसरा पाय स्वस्थ. मग प्रत्येक पायात जाणारं आणि पायातून परत येणारं रक्त तपासलं. राबणाऱ्या पायातून बाहेर येणाऱ्या रक्तात इंटरल्युकिन-6 नावाचं प्रथिन वाढलेलं होतं, स्वस्थ पायात नाही. म्हणजे ते त्या स्नायूतूनच आलं. बेंटे क्लारलुंड पेडरसन यांच्या गटाचं हे काम. अशा प्रथिनांना पुढे मायोकाइन हे नाव मिळालं.

2012 मध्ये हार्वर्डच्या ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेनं आयरिसिन शोधलं. ग्रीक पुराणात आयरिस ही निरोप घेऊन जाणारी देवी, तिच्यावरून नाव. तुम्ही वाचलेल्या लेखात बहुतेक हेच असणार. एक गोष्ट त्या लेखांत सहसा येत नाही, ती सांगतो. आयरिसिन मोजायला जी तयार किट वापरली जात होती त्यांतली अनेक भलतंच काहीतरी मोजत होती. 2015 मध्ये एका गटानं तर हे सगळं मिथक आहे असं छापलं. त्याच वर्षी मास स्पेक्ट्रोमेट्रीनं, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या तंत्रानं, नीट मोजणी झाली आणि माणसाच्या रक्तात आयरिसिन खरंच सापडलं: बैठ्या माणसांत मिलिलिटरला सुमारे 3.6 नॅनोग्रॅम, नियमित व्यायाम करणाऱ्यांत 4.3. फरक आहे, पण किती बारीक ते पाहा.

आता नसांचं दुखणं. उंदरांची नस दाबून असं दुखणं तयार करतात. त्यांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात आयरिसिन सोडल्यावर वेदना कमी झाल्याचं काही प्रयोगांत दिसलं आहे. मेंदूच्या बाजूनं पाहिलं तर 2013 मध्ये असं दिसलं की आयरिसिन ज्या मूळ प्रथिनातून तुटून निघतं, ते हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मरणाच्या भागात बीडीएनएफ वाढवतं. बीडीएनएफ हे मेंदूतल्या पेशींचं खत समजा. उदासी असलेल्या माणसांत ते कमी असल्याचं अनेकदा आढळतं.

इथं एक गाठ आहे. हेच बीडीएनएफ मज्जारज्जूत, मायक्रोग्लिया नावाच्या पेशींनी सोडलं, तर नसांची वेदना वाढवतं. हे 2005 पासून माहीत आहे. म्हणजे एकच पाणी, तुरीला दिलं तर पीक आणि खळ्यात शिरलं तर नुकसान. म्हणून "हे प्रथिन चांगलं, टोचा अंगात" इतकं सरळ गणित नाही. इंटरल्युकिन-6 चंही तसंच. व्यायामात तासाभरापुरतं वाढून उतरलं तर शरीरातला दाह शांत करायला मदत करतं. तेच आजारपणात दिवसरात्र थोडं थोडं वाढलेलं राहिलं तर दाहाचाच भाग असतं.

मनाबद्दलचं मला सर्वांत भरवशाचं वाटणारं काम 2014 चं, स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतलं. सततच्या ताणात शरीरात कायन्युरेनिन नावाचा पदार्थ वाढतो. तो रक्तातून मेंदूत शिरतो आणि तिथं बिघाड करतो. कमावलेल्या स्नायूत असं एन्झाइम असतं जे त्याचं कायन्युरेनिक आम्ल करून टाकतं, आणि हे आम्ल रक्तातून मेंदूत जाऊ शकत नाही. पाटाचं पाणी घरात शिरण्याआधीच बारं फोडून वावरात वळवावं, तसं. असे स्नायू असलेले उंदीर ताण देऊनही उदास झाले नाहीत. बाहेर काही सोडण्याइतकंच स्नायूचं हे गाळण्याचं कामही महत्त्वाचं आहे.

पण उंदीर म्हणजे तुमची आई नव्हे. आयरिसिनचं किंवा दुसऱ्या कुठल्या मायोकाइनचं, नसांच्या दुखण्यासाठी मंजूर झालेलं इंजेक्शन आज बाजारात नाही. कोणी विकत असेल तर तो खोटं सांगतो आहे.

मेडिकल_चौक | 10 नोव्हेंबर, सकाळी 7:35

दुकान उघडायच्या आधी लिहितो. माझं मेडिकल तालुक्याच्या ठिकाणी आहे, 22 वर्षं झाली. डब्यांबद्दल मला बोललंच पाहिजे.

डब्यात असतं ते बहुतेक दुधाच्या निवळीचं किंवा सोयाबीनचं प्रोटीन. ते स्नायूला लागणारं अन्न आहे. स्नायूतून निघणारं प्रथिन आणि स्नायूला लागणारं प्रथिन, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दानं विकल्या जात आहेत. आणि समजा कोणी खरंच आयरिसिन डब्यात भरलं, तरी ते 112 अमिनो आम्लांची साखळी आहे. पोटात गेलं की डाळीतल्या प्रोटीनसारखंच पचून तुकडे तुकडे होणार. इन्सुलिन अवघं 51 अमिनो आम्लांचं. 1922 साली पहिल्यांदा माणसाला दिलं, शंभर वर्षं उलटली, तरी अजून आपण ते गिळून घेऊ शकत नाही, बहुतेक टोचूनच घेतो. यावरून विचार करा.

तुमच्या आईला अन्नातलं प्रोटीन कमी पडत असेल, दोन घास खाऊन उठते म्हणता म्हणजे पडतच असणार, तर 3,800 रुपयांत घरात किती अंडी, तूर, फुटाणे, शेंगदाणे येतील! फक्त किडनीचा रिपोर्ट आधी डॉक्टरांना दाखवा.

दुसरं, प्रथिन टोचून नस बरी करायचा प्रयत्न आधी झालेला आहे. नस वाढवणारं एनजीएफ हे प्रथिन रिता लेव्ही-मोंटाल्चिनी यांनी शोधलं. त्यांना आणि स्टॅनली कोहेन यांना 1986 चं नोबेल मिळालं. मधुमेहाच्या नसांवर ते टोचून पाहिलं, 1998 च्या लहान चाचणीत आशा दिसली. मग 1,019 रुग्णांवर 48 आठवड्यांची मोठी चाचणी झाली, 2000 मध्ये निकाल आला: फायदा नाही. उलट सुई टोचली त्या जागी दुखायचं. पुढे लोकांनी उलटा विचार केला की एनजीएफ अडवलं तर सांध्यांचं दुखणं थांबेल. थांबलंही, पण काही जणांचे सांधेच झिजून गेले, आणि 2021 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं 19 विरुद्ध 1 मतानं त्या औषधाला नकार दिला. लहान चाचणीच्या बातमीवर कोणी माझ्याकडे औषध मागायला आलं की मला हीच गोष्ट आठवते.

आता आज जे हातात आहे ते. प्रिगाबालिनचा हिशोब असा की साधारण 8 जणांना दिली तर एकाचं दुखणं निम्म्यानं कमी होतं. ट्रायसायक्लिक या उदासीवरच्या जुन्या गोळ्यांत तो आकडा 4 च्या आसपास आहे, पण वयस्कर माणसाच्या हृदयाचा विचार करून त्या द्याव्या लागतात. ड्युलोक्सेटिन ही गोळी मूळची उदासीवरची. अमेरिकेत 2004 मध्ये ती उदासी आणि मधुमेहाची नसांची आग, दोन्हींसाठी मंजूर झाली. तुमच्या आईला दोन्ही आहे. डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. स्वतःहून मात्र काही सुरू करू नका, आणि प्रिगाबालिन एका दिवसात बंद तर अजिबात करू नका.

एक विचारतो, शुगरची मेटफॉर्मिन गोळी किती वर्षांपासून आहे? बी12 कधी तपासलं?

पऱ्हाटी_आणि_तूर | 10 नोव्हेंबर, दुपारी 1:10

मेटफॉर्मिन 11 वर्षं तरी झाली असतील. बी12 कधीच तपासलं नाही. आई माळकरी आहे, अंडंसुद्धा खात नाही. दुधाचं म्हणाल तर चहापुरतं.

मेडिकल_चौक | 10 नोव्हेंबर, दुपारी 1:26

मग या आठवड्यातच तपासा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी12 कमी होतं, आणि शाकाहारी माणसात आधीच कमी असतं. त्याच्या कमतरतेनं पायांची आग, मुंग्या, बधिरपणा, शिवाय उदासी आणि विसरभोळेपणाही येतो. सगळं खापर शुगरवर फुटतं आणि हे राहून जातं. मेटफॉर्मिन बंद करायचं नसतं, बी12 भरून काढायचं असतं. आणि तपासणी गोळ्या-इंजेक्शन सुरू करायच्या आधी करा, नंतर केली तर आकडा फसवतो.

फिजिओताई_वर्धा | 10 नोव्हेंबर, रात्री 9:05

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझ्याकडे येणारी प्रत्येक दुसरी बाई हेच विचारते: "मी दिवसभर मरमर काम करते, मला कशाला व्यायाम?"

दादा, तुमच्या आईच्या वेचणीचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. कंबर वाकलेली, मान खाली, कमरेला ओटी बांधलेली, आणि ती भरत जाईल तसं वजन पुढे ओढणारं. पाय चिखलात किंवा ढेकळांवर रोवलेले. हात चपळ चालतात, पण मांड्या, पोटऱ्या, पाठ तासन् तास एकाच अवस्थेत ताणलेली. स्नायू आखडून राहतो, मोकळा होत नाही. त्यात पुरेसा रक्तप्रवाह खेळत नाही. श्वास लागेल इतका जोर नाही आणि विश्रांती मिळेल इतकी उसंतही नाही. मजुरी किलोवर, म्हणून पाणी प्यायलासुद्धा थांबायचं नाही. घरी आल्यावर चूल. मग रात्री आग, झोप नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच.

स्नायूला वाढायला जोर लागतो, आणि जोरानंतर विसावा लागतो. वेचणीत दोन्ही नाहीत. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे: फुरसतीत केलेली हालचाल हृदयाला तारते, कामावरची जड हालचाल तशी तारत नाही, उलट काही ठिकाणी त्रासदायकच दिसते. उदासीचंही तसंच आढळतं. स्वतःसाठी केलेली हालचाल मनाला हलकं करते, पोटासाठी केलेली तेवढं करत नाही. यात तुमच्या आईची काहीही चूक नाही. तिनं कमी कष्ट केले म्हणून हे झालं, असं तिला चुकूनही वाटू देऊ नका. पन्नाशीनंतर स्नायू झिजतो, शुगरमध्ये जास्त झिजतो, आणि नसांना सर्वांत मोठं नुकसान वाढलेल्या साखरेचं होतं.

आता करायचं काय. 2012 मध्ये मधुमेहाच्या नसांच्या दुखण्यावर 10 आठवड्यांचा व्यायाम देऊन पाहिला, चालण्या-सायकलसारखा आणि ताकदीचा मिळून. माणसं फक्त 17 होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, हे आधीच सांगते. दुखणं आणि नसांची लक्षणं कमी झाली. आणि कातडीचा बारीक तुकडा काढून पाहिलं तर बारीक नसांना नव्या फांद्या फुटलेल्या दिसल्या. मला ते वाचून फार आनंद झाला होता, कारण विद्यार्थी असताना आम्हाला शिकवलं होतं की या नसा गेल्या त्या गेल्या.

आईसाठी अशी सुरुवात करा. बाज नको, ती झोळते. प्लास्टिकची पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी घेऊन खुर्चीतून उभं राहायचं आणि हळू बसायचं. बसताना धपकन नाही, तीन आकडे मोजत. आठ वेळा, मग दोन-तीन मिनिटं बसून राहायचं, मग पुन्हा आठ. नंतर दाराच्या चौकटीला धरून दोन्ही टाचा उचलायच्या, दहा वेळा. हे एक दिवसाआड. रात्रीच्या जेवणानंतर घरासमोरच्या सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालणं, रोज. अनवाणी अजिबात नाही. मागून पट्टा असलेली, आतून मऊ चप्पल घ्या, म्हणजे ती तासात राहणार नाही. वेचणीच्या दिवशी उठबस नको, चालणं तेवढं ठेवा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर खिशात गूळ-साखर असू द्या. छातीत भरून आलं, चक्कर आली, तर थांबायचं. आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तळवे तपासून घ्या. ते नायलॉनचा 10 ग्रॅमचा तंतू टेकवून पाहतात, 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) अंगठ्याला लावतात. दोन मिनिटांचं काम आहे.

बुढीचा_लेक | 10 नोव्हेंबर, रात्री 9:40

ताई, एक इचारतो. थंडी पडली का बुढी रातच्याले ईट चुलीत तापवते अन् फडक्यात गुंडाळून पायाखाली ठेवते. तिले बरं वाटते. चालते नं?

उपकेंद्र_गडचिरोली | 10 नोव्हेंबर, रात्री 9:52

भाऊ, ती वीट आजच बंद करा. मी उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बधिर पायाला चटका कळत नाही. मागच्या हिवाळ्यात एका आजोबांच्या टाचेला असाच फोड आला. कातडी काळी पडेपर्यंत त्यांना काही कळलंच नाही. जखम भरायला पाच महिने लागले आणि दोन बोटं काढावी लागली. गरम पाण्याची बादली, शेकोटी, हीटर, सगळं दूर. मोजे घाला, सुती. आणि रोज झोपायच्या आधी तुम्ही स्वतः तिचे तळवे पाहा, बॅटरी लावून, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा.

धागा काढणाऱ्या दादांना दोन गोष्टी सांगते. आपल्या भागात पायाची आग-मुंग्या म्हणजे शुगरच, असं धरून चालू नका. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का आणि त्याला स्पर्श कळतो का, हे पाहा. कुष्ठरोग संपला असं लोक समजतात, पण आम्हाला गडचिरोली-चंद्रपूरकडे अजून नवे रुग्ण सापडतात. 1949 मध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमटेंनी आनंदवन उभं केलं. त्या पिढीचं घर सोडून जाणं आता नको आहे, कारण गोळ्यांनी आजार बरा होतो. पण नस दुखावलेली असेल तर औषधाचा कोर्स संपल्यावरही दुखणं वर्षानुवर्षं राहू शकतं, आणि चट्टा गेला म्हणून त्या माणसाचं कोणी ऐकत नाही. दुसरं, घरात फवारणी कोण करतं? काही कीटकनाशकांच्या विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी पायांच्या नसा जातात. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळात काय झालं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल.

पऱ्हाटी_आणि_तूर | 10 नोव्हेंबर, रात्री 10:30

चट्टा नाही, आत्ताच बॅटरी लावून पाहिलं. फवारणी मी करतो, आई नाही. पण डाव्या टाचेला एक भेग खोल गेली आहे. तिला माहीतच नव्हतं. उद्या दाखवतो.

शेवटचा_तास | 11 नोव्हेंबर, सकाळी 6:15

मी इथं फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो. अमरावती जिल्ह्यातला शेतकरी आहे, वय 58.

तीन वर्षांपूर्वी डाव्या बरगडीवर नागीण उठली. गावात कोणी गेरू लावला, कोणी मंत्रून पाणी दिलं. फोड वाळले, पण आग तिथंच राहिली. सदऱ्याचं कापड नुसतं घासलं तरी जीव जायचा. गंमत नाही सांगत, घट्ट बांधलं की कमी दुखायचं. म्हणून मी धोतराचं पान छातीला आवळून बांधायचो आणि वरून सदरा घालायचो. लोकांना वाटायचं बरगडी मोडली.

दुखण्यानं माणूस आतून कसा रिकामा होतो ते तुमच्या आईकडे पाहून ओळखू येतं मला. दोन वर्षं मी नीट झोपलो नाही. कर्जाचा हप्ता, पावसाचा खंड, हे सगळं होतंच. पण ते आधीही होतं. तेव्हा मी ते ओढत होतो, नंतर ओढवेना. एका रात्री मी विहिरीवर जाऊन बसलो होतो. धाकटा भाऊ मोटार बंद करायला आला म्हणून मी आज लिहितोय.

भावानं जबरदस्तीनं नेलं. डॉक्टरांनी मला एक वाक्य सांगितलं की दुखणं आणि उदासी ही दोन वेगळी गाठोडी नाहीत, एक सोडवताना दुसरं सैल होतं. गोळ्या सुरू झाल्या, आणि एक ताई आठवड्यातून एकदा घरी येऊन बोलायच्या. तासभर. त्या मला रोज एक काम ठरवायला लावायच्या, लहानच. आज गोठ्यामागची बाभूळ छाटायची. आज बाजारात पायी जायचं. आता वाचून कळतंय की त्या मला स्नायूच हलवायला लावत होत्या.

आईला फक्त विचारा, "जगणं नकोसं वाटते का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही. मला कोणी विचारलं असतं तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं.

उपकेंद्र_गडचिरोली | 11 नोव्हेंबर, सकाळी 8:20

काका, तुम्ही लिहिलंत, खूप बरं झालं. यापुढेही लिहीत राहा.

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: टेली-मानसचा नंबर 14416. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. राज्याचा 104 सुद्धा आहे. आशाताईंना सांगितलं तरी त्या पुढचा रस्ता दाखवतात.

काकांनी घरी येणाऱ्या ताईंचा उल्लेख केला म्हणून सांगते. विदर्भातल्या खेड्यांत "विश्राम" नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांच्याकरवी उदासीवर काम करायचं, अशी पद्धत. त्याचा अभ्यास 2017 मध्ये छापून आला. सुरुवातीला उदासी असलेल्यांपैकी 4.3 टक्के लोक मदत घेत होते, दीड वर्षात ते 27.2 टक्के झाले. गावातली माणसं मदत घेत नाहीत, हे खरं नाही. दारापर्यंत आली की घेतात.

पेशीवाचक | 11 नोव्हेंबर, दुपारी 12:15

काकांचं वाचून काम सुचेना. त्यांच्या "स्नायूच हलवायला लावत होत्या" या वाक्याबद्दल एवढंच सांगतो की ते बरोबर आहे, आणि पूर्णही नाही. व्यायामानं मन का सुधारतं याला मायोकाइन हे एकच कारण नाही. मेंदूतली नैसर्गिक वेदनाशामकं, झोप, घराबाहेर पडणं, कोणीतरी वाट पाहतंय ही जाणीव, सगळं त्यात आहे. पण परिणाम खरा आहे. 2024 मध्ये उदासीवरच्या व्यायामाच्या 218 चाचण्या, 14,170 माणसं, एकत्र करून पाहिल्या. चालणं-धावणं, योग आणि ताकदीचे व्यायाम या तिन्हींचा चांगला उपयोग दिसला. त्याच्याही आधी, 1999 मध्ये, ड्यूक विद्यापीठात 50 वर्षांवरच्या 156 उदास माणसांवर 16 आठवडे काम झालं. सर्ट्रालिन ही गोळी आणि व्यायाम, शेवटी दोन्ही सारखेच उतरले. गोळीचा परिणाम लवकर सुरू झाला, एवढाच फरक. म्हणून ज्याला गोळी लागते त्यानं ती घ्यावी आणि सोबत चालावं.

उद्या आयरिसिनचं औषध आलं तर मला सर्वांत जास्त आनंद होईल. अंथरुणाला खिळलेल्या, लकवा झालेल्या, चालूच न शकणाऱ्या माणसांसाठी ते हवंच आहे. त्यांना "व्यायाम करा" म्हणणं क्रूर आहे. आम्ही प्रयोगशाळेत रात्री थांबतो ते त्यांच्यासाठी. तुमच्या आईचे स्नायू मात्र अजून चालतात. त्यांच्याकडून ते काम आज करून घेता येईल.

पऱ्हाटी_आणि_तूर | 16 जानेवारी, रात्री 8:45

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितोय, माफ करा. तुरीची सोंगणी होती.

आईचं बी12 142 आलं. डॉक्टर म्हणाले बरंच कमी आहे. इंजेक्शनं सुरू झाली, प्रिगाबालिन रात्रीचीच ठेवली आणि मात्रा कमी केली. सकाळची गुंगी गेली. टाचेची भेग ड्रेसिंग करून भरली. पट्ट्याची चप्पल घेतली. डबा अर्थातच नाही घेतला.

काकांनी सांगितलेला प्रश्न मी तिला विचारला. चुलीपाशी बसलो होतो. ती बराच वेळ लाकडं सारत राहिली, मग म्हणाली, "मरायचं नाई वाटत रे, पण कशातच जीव लागत नाई." त्यानंतर आम्ही दोघं तासभर बोललो. इतकं मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. आता तालुक्याला महिन्यातून एकदा समुपदेशक येतात, तिकडे नेतो.

खुर्चीची उठबस सुरुवातीला पाचच झाली, आता दोनदा दहा होतात. चालायला शेजारच्या काकू सोबत येतात, त्यांनाही शुगर आहे. आग गेली नाही. आठवड्यात तीन-चार रात्री अजून उठते. पण परवा संक्रांतीला न सांगता तीळ भाजायला बसली, आणि वाण काय लुटायचं यावरून काकूंशी चांगली अर्धा तास हुज्जत घातली. बाबा माझ्याकडे पाहत राहिले.

ताई, एक विचारायचं होतं. टाचा उचलताना तिच्या डाव्या पोटरीत गोळा येतो. थांबवू का?

फिजिओताई_वर्धा | 16 जानेवारी, रात्री 9:30

दहाऐवजी सहाच करा, आणि आधी भिंतीला हात टेकून पोटरी ताणून घ्या, वीस आकडे मोजेपर्यंत. पाणी पुरेसं पिते का ते पाहा. चालतानाही पोटरी भरून येत असेल आणि थांबल्यावर बरी होत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतील. तसं असेल तर लगेच कळवा, व्यायाम तोवर बंद. पोटरी सुजली, गरम लागली तर त्याच दिवशी दवाखान्यात. आणि वाण काय ठरलं तेही लिहा.